मांजराचा परजीवी, मान्यवरांच्या हस्ते

भोरच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. एवढ्या काळात माझ्याकडे कुणी काही शोधायला आलं नव्हतं. लोक यायचे ते मार्क वाढवून मागायला, नाहीतर कुणाच्या न्हाणीघरात साप निघाला म्हणून बोलवायला. सापाला मी घाबरतो, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांच्या सतरा-अठरा पिढ्यांपासून लपवून ठेवली आहे. त्यामुळे निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना पुण्याची एक तरुण संशोधक माझ्या टेबलासमोर बसली आणि "सर, मला तुमच्या भागातल्या मांजरांची विष्ठा हवी आहे" असं म्हणाली, तेव्हा मला झाला तो आनंदच होता.

आधीच सांगून टाकतो. एका लहान मुलीच्या डाव्या डोळ्यात, आतल्या पडद्यावर, एक डाग आहे. ती जन्मायच्या आधी तिच्या आईचा रक्ताचा अहवाल माझ्या कपाटात नऊ आठवडे पडून होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध आहे हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. संबंध नाही असं कुणी सांगितलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्या संशोधक मुलीचा विषय होता टॉक्सोप्लाझ्मा. एका पेशीचा परजीवी. तो उंदरात राहतो, शेळीत राहतो, माणसातही राहतो. पण त्याचं लग्न लागतं फक्त मांजराच्या आतड्यात. इतर ठिकाणी तो स्वतःच्या नकला काढत बसतो. मांजरात मात्र दोन वेगळ्या कुळांचे परजीवी एकत्र आले तर त्यांच्यातून तिसरंच कूळ निघू शकतं. जगाच्या काही भागांत त्याची मोजकीच कुळं सापडतात, आणि जिथे जंगल घराला लागून आहे तिथे बरीच. आमच्या डोंगरात गावातलं मांजर आणि रानमांजर एकाच ओढ्यावर पाणी पितात. म्हणून इथे काय सापडतं ते तिला बघायचं होतं. या परजीवीबद्दल आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे: तो मेंदूत शिरला की उंदराला मांजराची भीती वाटेनाशी होते, उलट ओढ वाटू लागते. आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा दोघं-तिघं विनाकारण गप्प झाले.

धडधाकट माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. कित्येकांना तो होऊन गेल्याचं कळतही नाही. अडचण असते ती बाईला गरोदरपणात तो पहिल्यांदाच झाला तर. तेव्हा तो बाळापर्यंत पोचू शकतो, आणि बाळाचे डोळे नाहीतर मेंदू पकडू शकतो. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. परीक्षेत चार मार्कांना यायचं.

दिवाळीनंतर आम्ही वेल्ह्याच्या पुढची गावं धरली. पासलीला गेलो तेव्हा भात निघालं होतं, खाचरं मोकळी पडली होती आणि घराघरापुढे पेंढा रचलेला होता. भाताच्या कणगीला उंदीर लागू नये म्हणून प्रत्येक घरी मांजर. आम्ही गेलो त्या घरात सासू, सासरे आणि वर्षाच्या आत लग्न होऊन आलेली सून होती. मुलगा शिरवळच्या कंपनीत पाळीला गेलेला.

"मांजराचं हागणं तपासाया पुन्यास्नं आलाय?" सासूबाई म्हणाल्या. "आन हितं माणसं आजारी पडत्यात, त्यांच्याकडं बघाया कोन येत न्हाई."

ही टीका मला मान्य होती. मी म्हणालो, "माणसांचं रक्तपण घेणार आहोत, मावशी."

"मंग आमच्या ह्यांचं घ्या. लई हाय त्यांच्यात. बसून खात्यात."

"घ्या की," ओट्यावरून सासरे म्हणाले. "हिनं काय उरू दिलं आसंल तर."

मांजरानं आपल्या विधीसाठी परसातली भुसभुशीत जागा निवडली होती, कोथिंबिरीच्या वाफ्याला लागून. मी उकिडवा बसून डबीत नमुना भरला. निघताना सासूबाईंनी त्याच वाफ्यातली जुडी उपटून आम्हाला दिली. घरी येऊन मी ती तीनदा धुतली आणि शेवटी टाकून दिली. त्यांना मात्र 'धुऊन खात जा' असं म्हणालो नाही. दिलेल्या भाजीला नाव ठेवल्यासारखं झालं असतं.

पण खरी चूक त्याच्याआधी, पडवीत झाली होती. रक्त घेण्याआधी प्रत्येकाचा एक दोन पानी फॉर्म भरायचा होता. पाणी कुठलं पिता, मटण किती शिजवता, शेतात अनवाणी जाता का. बायकांसाठी एक प्रश्न जास्तीचा होता: सध्या गरोदर आहात का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मी सुनेला विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "न्हाई. तसलं काय न्हाई."

आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. चोरओटी भरतात तीही घरातल्या घरात, दार लोटून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी मी स्वतः शेजारच्यांना बायकोला पित्त झालंय म्हणून सांगत होतो, तेही तीन महिने. नव्या सुनेच्या घरात 'न्हाई' इतक्या घाईने आलं, तर त्याचा अर्थ काय हे भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही माणसाला कळतं. पुण्याच्या मुलीला ते कळलं नाही. मला कळलं. मी सुनेकडे पाहिलं. ती चौकटीला टेकून माझ्याकडेच बघत होती. मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि पान उलटलं.

का केली? सासूबाईंना त्यांच्याच घरात खोटं पाडायचं नव्हतं. जेवणाआधी अजून तीन घरं करायची होती. आणि फॉर्ममध्ये 'बहुधा' असा चौकोन नव्हता. तिन्ही कारणं मी बऱ्याच वेळा घासूनपुसून पाहिली आहेत; एकही उजळत नाही.

आम्ही गाडीवर बसलो तेव्हा ती हंडा घेऊन बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, रिपोर्ट कदी मिळंल?"

"पंधरा दिवसांत. मी स्वतः आणून देईन."

प्रयोगशाळेने आपला शब्द पाळला. पंधराव्या दिवशी पुण्याहून फोन आला. संशोधक मुलगी इतकी खुशीत होती की तिला वाक्यं पुरी करता येत नव्हती. पासलीच्या त्या मांजराच्या नमुन्यातला परजीवी ओळखीच्या कुठल्याच कुळात बसत नव्हता. थोडा इकडचा, थोडा तिकडचा, आणि थोडा कुठलाच नाही. नवा प्रकार. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवत होतो.

"आणि सर, रक्ताचे अहवाल पाठवलेत. त्याच घरातल्या सुनेला हल्लीच संसर्ग झालेला दिसतोय. गरोदर नाही म्हणून लिहिलंय, त्यामुळे काळजीचं नाही. तरी अहवाल देताना एकदा विचारून घ्याल?"

"हो हो, विचारतो," मी म्हणालो आणि पुन्हा मांजराकडे वळलो. "पण नवा म्हणजे अगदी नवा?"

प्राचार्यांना मी नव्या प्रकाराची बातमी दिली. सुनेची नाही दिली. संध्याकाळच्या आत त्यांच्या डोक्यात कार्यक्रम तयार होता. मी म्हणालो, अहवाल मी शनिवारी गावोगाव जाऊन वाटून येतो.

"असं कसं वाटता? पिशवी अडकवून, पेपर टाकणाऱ्यासारखे?"

"लोक वाट बघतायत, सर."

"लोकांनी मागितले होते का रिपोर्ट? आपण देतोय. मग रीतसर देऊ. मान्यवरांच्या हस्ते दिले की त्यांनाही किंमत कळेल." मग ते थोडं पुढे झुकले. "आणि तुमचाही सत्कार घेऊ त्यातच. निवृत्तीला आलात."

आमच्याकडे कुठलीही वस्तू आपण होऊन माणसापर्यंत जात नाही. वह्या, चष्मे, शिलाई मशीन, रोपं, सगळं आधी टेबलावर मांडून ठेवायचं, फुलांची रांगोळी काढायची, आणि कुणीतरी मोठा माणूस येऊन हात लावेपर्यंत थांबायचं. या प्रकाराची मी आयुष्यभर टवाळी केली आहे. भाषणात 'याप्रसंगी' किती वेळा आलं हे मी मागच्या रांगेत बसून रुमालाला गाठी मारत मोजायचो. स्टाफरूममध्ये माझी त्याबद्दल ख्याती होती. त्या दिवशी मी "सत्कार वगैरे नको" म्हणालो, पण अशा आवाजात की प्राचार्यांना तो ऐकू जाऊ नये. त्यांना तो गेला नाही.

मान्यवरांची तारीख मिळाली नाताळाच्या आधीची. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली, ती गेली. संक्रांतीनंतरची मिळाली, ती मान्यवरांच्या घरच्या लग्नात गेली. या काळात मी काय केलं? पांढरी पाकिटं आणली. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात नाव घातलं. ती गठ्ठ्याने बांधून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली, जंतांच्या बरण्यांशेजारी. सूत्रसंचालनाचा मजकूर लिहिला, आणि तो बरा झाला होता. त्या सुनेचं पाकीट गठ्ठ्यात वरून चौथं होतं. पासलीला गाडीने जाऊन यायला माझी एक सकाळ गेली असती.

बायको एकदा म्हणाली, "देऊन टाका ना ती. लग्नपत्रिका आहेत का त्या, अक्षता लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत?"

"दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. तिला मी त्या फॉर्मबद्दल बोललो नाही. बोललो असतो तर तिनं मला त्याच दुपारी गाडीवर बसवून पाठवलं असतं, हे मला माहीत होतं. बोललो नाही ते त्यामुळेच. एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

फेब्रुवारीत, वेल्ह्यातल्या एका मंगल कार्यालयात, कार्यक्रम झाला. फलकावर मांजराचं चित्र होतं. लांब केसांचं, पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं मांजर, ज्याला पासलीच्या मांजरांनी गल्लीत उभं केलं नसतं. मान्यवर दोन तास उशिरा आले. आपल्या भाषणात त्यांनी या मातीत काय काय जन्माला आलं याची यादी सांगितली आणि ती परजीवीपर्यंत आणून सोडली. "हा जीव आपल्या तालुक्याचा आहे, याचा आपल्याला अभिमान पाहिजे," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. अंगावर शाल होती, त्यामुळे आवाज नीट निघाला नाही.

मग एकेक नाव पुकारलं. पाकीट, गुलाबाचं फूल, फोटो. त्या घरातून सासरे आले होते, इस्त्रीची टोपी घालून. फोटो काढून घेऊन ते थेट माझ्याकडे आले.

"सर, फोटोत डोळं मिटलं न्हाईत ना वो माजं?"

"नाही. छान आलाय. सूनबाई नाही आल्या?"

"तिला पाचवा लागलाय," ते हसून म्हणाले. आता सांगायला हरकत नव्हती. "म्हनलं, गर्दीत नको."

मी त्यांच्या हातातलं पाकीट घेऊन फाडलं. आत काय आहे ते मला पाठ होतं. तरी फाडलं, जणू मीही आत्ताच वाचतोय. मागे ध्वनिक्षेपकावर आभार मानणं चाललं होतं. मी त्यांना कडेला नेऊन सांगितलं की सुनेला उद्याच पुण्याला दाखवायला हवं.

"लई वाईट हाय का?"

"दाखवायला हवं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी कागद पुढून-मागून पाहिला. "हा अहवाल डिसेंबरचा आहे. इतके दिवस कुठे होतात?"

सासऱ्यांना प्रश्नच समजला नाही. "कालच मिळाला, म्याडम," ते अभिमानाने म्हणाले. "सायबांच्या हस्ते."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस कोण ते त्यांनी ओळखलं होतं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होतो. त्या म्हणाल्या, औषध आहे. लवकर सुरू झालं असतं तर संसर्ग बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कदाचित कमी झाली असती. आता आधी तो पोचलाय का ते बघावं लागेल. 'कदाचित' या शब्दाला मी त्या दिवसापासून धरून आहे. कधी तो मला वाचवतो, कधी नाही.

सोनोग्राफीत वावगं काही दिसलं नाही, गोळ्या सुरू झाल्या. सातव्यात ती माहेरी उत्रोलीला आली. लावणीच्या दिवसांत मुलगी झाली, वजनाला चांगली, रडायला खणखणीत. मी पेढा खाल्ला आणि स्वतःला माफ करायच्या अगदी जवळ आलो. चौथ्या महिन्यात तिचा डावा डोळा आत वळतोय असं आजीच्या लक्षात आलं. पुण्याच्या नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून पाहिलं. आतल्या पडद्यावर, अगदी मधोमध, जिथे नजर ठरते तिथे, जुना डाग होता.

हे कळल्यावर आठ दिवसांनी मी उत्रोलीला गेलो. भोरपासून जवळ आहे, तरी आठ दिवस लागले. तिच्या आईने चहा टाकला. ती पडवीत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी येताना वाक्यं तयार केली होती, ती विसरलो. म्हणालो, "रिपोर्ट माझ्याकडे डिसेंबरातच आला होता. मी कार्यक्रमासाठी ठेवून घेतला. आणि तुम्हाला दिवस गेलेत, हे मला फॉर्म भरतानाच कळलं होतं. तरी मी 'नाही' लिहिलं."

तिनं मुलीच्या अंगावरची माशी हाकलली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमाला कळलंय ते. तुमी खूण करायच्या आधी माझ्याकडं बघितलं. आत्याबाईंफुडं मला बोलता येत न्हवतं. म्हनलं, सरांना समजलंय, आता ते बघतील." मग म्हणाली, "रोज ज्या गाडीचा आवाज येई, त्या गाडीकडं बघाया जायचे मी. पंधरा दिस म्हनला व्हता ना तुमी."

आतून तिची आई म्हणाली, "साखर कमी चालंल का वो सर?" मी चालेल म्हणालो.

चहा आला. मी प्यालो. न प्यायला असता तर बरं दिसलं नसतं, असं मला तेव्हाही वाटलं, याची आता लाज वाटते.

"दुसऱ्या डोळ्याला हुनार न्हाई ना?" तिनं विचारलं.

मी नेत्रतज्ज्ञांना हेच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं होतं की ओळखीच्या प्रकारांबद्दल पुस्तकात माहिती आहे. डोळ्यावर कोणता प्रकार किती जोर करतो, पुन्हा उठतो का, याचे अंदाज आहेत. "पण तुमचा हा प्रकार पुस्तकात नाही ना," ते म्हणाले होते. "तुम्हीच शोधलाय तो. तुम्हीच सांगा." तेही टोमणा म्हणून नाही, त्यांना खरंच माहिती हवी होती. शिवाय मुलीच्या डोळ्यात मांजरातलाच परजीवी आहे की दुसरा कुठला, हे डोळ्यातलं पाणी सुईने काढल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि त्यासाठी कुणी तान्ह्या मुलीच्या डोळ्यात सुई घालत नाही.

मी हे तिला सोपं करून सांगितलं. तिनं नीट ऐकलं. ती बारावीपर्यंत शिकलेली होती. माझ्याच कॉलेजात आली असती तर पहिल्या बाकावर बसली असती.

"म्हंजी नवा हाय म्हनून कुनालाच म्हाईत न्हाई."

"कुणालाच नाही."

"आन त्येच्यासाठी तुमी शाल घेतली."

मुलगी जागी झाली आणि माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघू लागली, मान थोडी डावीकडे वळवून, म्हणजे बटण उजव्या डोळ्यासमोर येईल अशी.

"दर तीन म्हयन्यानी दाखवाया लागंल म्हनत्यात," ती म्हणाली. "ह्यांची पाळी आसती. मामंजींना तिथलं काय समजत न्हाई. तुमी चला संगं. दर येळी."

ते आमंत्रण नव्हतं आणि माफी तर नव्हतीच. मी हो म्हणालो.

आतापर्यंत चार वेळा जाऊन आलो. पासलीहून त्या दोघी पहिल्या एसटीने नसरापूरला येतात, मी भोरहून तिथे येतो, पुढे एकत्र जातो. वाटेत फारसं बोलणं होत नाही. तिथे मी कागद वाचतो, तारखा नीट बघतो, न कळलेलं पुन्हा विचारतो आणि तिला तिथल्या तिथे सांगतो. उजवा डोळा आजवर स्वच्छ आहे. डॉक्टर 'आजवर' हा शब्द दर वेळी घालतात.

तपासताना मुलीला मांडीवर मी घेतो, कारण आईच्या मांडीवर ती फार वळवळते. डॉक्टर आधी डावा डोळा तळहाताने झाकतात. ती खुशाल समोरच्या खुळखुळ्याकडे बघत राहते. मग ते उजवा झाकतात, आणि ती रडून, दोन्ही हातांनी तो तळहात ओढून काढायला बघते.